‘लेकराला हे कशानं झालं?’ टाइप वन मधुमेहाची खरी तारीख शोधणारा शास्त्रज्ञ

लेकराला टाइप वन मधुमेह निघाला की आमच्या बीड-लातूरकडं घरात सगळ्यात आधी तारीख शोधली जाते. दिवाळीत लाडू फार खाल्ले, तेव्हापासून. मामाच्या लग्नात ताप आला होता, तेव्हापासून. शाळेत लस टोचली, तेव्हापासून. आजी सुनेला ऐकवते की पोटुशी असताना हिनं गोड सोडलं नाही. बाप बोलत नाही, पण त्याच्या मनात एकच घोळत असतं: परीक्षेच्या वेळी आपण हात उचलला होता, पोरानं धसका घेतला. "कामून झालं असं?" याला प्रत्येकाकडं उत्तर तयार असतं आणि ते बहुतेक वेळा गेल्या दोन-तीन महिन्यांतलंच असतं.

या सगळ्या तारखा चुकीच्या आहेत. आजार लक्षात येतो त्याच्या कितीतरी आधी, कधी काही महिने तर कधी दहा वर्षं आधी, तो शरीरात सुरू झालेला असतो. हे आज डॉक्टर सहज सांगतात, पण ते कळायला वेळ लागला. ज्यांच्यामुळं कळलं त्यांत जॉर्ज आयझेनबार्थ या अमेरिकी डॉक्टर-शास्त्रज्ञाचं नाव फार वर आहे. आपल्याकडं ते कुणाला माहीत नाही. इन्सुलिन म्हटलं की ते शोधणारे बँटिंग आणि बेस्ट आठवतात, ते रास्तही आहे, कारण इन्सुलिननं जीव वाचतो. आयझेनबार्थ यांनी घेतलेला प्रश्न मात्र आजीचाच होता: हे होतं कशानं, आणि कधीपासून?

आधी शरीरात काय होतं ते बघू. जठराच्या मागं स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिचं बरंचसं काम पाचक रस तयार करण्याचं. त्या ग्रंथीत पेशींचे बारीक पुंजके विखुरलेले असतात, सुमारे दहा लाख. त्यांतल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. मोठ्या माणसाच्या अंगातल्या सगळ्या बीटा पेशी गोळा केल्या तरी वजन एखादा ग्रॅम भरेल. रक्तातली साखर पेशींच्या आत जाऊन कामाला लागावी म्हणून इन्सुलिन लागतं. ते नसलं की साखर रक्तातच साचते, मूत्रपिंडं ती लघवीवाटे बाहेर टाकतात, सोबत पाणी जातं, आणि पेशी उपाशी राहिल्यानं शरीर चरबी जाळायला घेतं.

मग लक्षणं दिसतात. पोरगं घटाघटा पाणी पितं. अंथरूण ओलं करणं कधीच सुटलेलं असतं, ते पुन्हा सुरू होतं. मोरीत लघवीच्या जागी मुंग्या लागतात. भूक असूनही कपडे ढिले व्हायला लागतात. चरबी जाळताना तयार होणारी कीटोन नावाची आम्लं वाढली की उलट्या, पोटदुखी आणि जोरजोरात श्वास सुरू होतो. तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. याच टप्प्यावर घोळ होतो. उलटी आणि पोटदुखी बघून गॅस्ट्रो समजलं जातं, धाप बघून न्यूमोनिया समजला जातो, आणि शुगर न तपासताच ग्लुकोजची सलाइन लागते. बोटाला सुई टोचून शुगर बघायला एक मिनिट लागतं. ते मिनिट न दिल्यामुळं पोरं गेलेली आहेत.

आता मूळ मुद्दा. मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहात, म्हणजे टाइप टूमध्ये, इन्सुलिन बनत असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही आणि हळूहळू ते कमीही पडतं. टाइप वनमध्ये बीटा पेशीच मारल्या जातात, आणि त्या मारते आपलीच रोगप्रतिकारक यंत्रणा. शाळूच्या रानात पाखरं हाकायला माळ्यावर बसवलेला राखण्या पाखरांकडं पाठ करून कणसांवरच गोफण चालवायला लागावा, तसं हे आहे. दगड नेमानं पडतात, पण कुठं पडतात ते बांधावरून दिसत नाही. खळ्यावर रास कमी भरली की मगच मालकाला कळतं.

हे असं असेल, हे फार काळ कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. १९६५ साली विली गेप्ट्स या बेल्जियन संशोधकानं, मधुमेह सुरू झाल्यावर थोड्याच काळात दगावलेल्या २२ रुग्णांची स्वादुपिंडं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्यांतल्या १५ जणांत बीटा पेशींच्या पुंजक्यांभोवती पांढऱ्या पेशींची गर्दी होती. तिथं काहीतरी युद्ध चाललं होतं. १९७४ साली लंडनमध्ये जिआन फ्रँको बोटाझ्झो आणि डेबोरा डोनियाक यांच्या गटाला रुग्णांच्या रक्तात या पुंजक्यांविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, सापडली. साधारण त्याच सुमाराला आणखी एक धागा हाती आला. आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाची जनुकं असतात. आपलं कोण आणि परकं कोण हे प्रतिकारयंत्रणेला दाखवण्याचं काम त्यांचं. त्यांचे काही प्रकार या रुग्णांत जास्त आढळत होते.

पुरावे जमले होते, पण चित्र जुळत नव्हतं. मधुमेह झाल्यावर तपासलेल्या रक्तात अँटीबॉडी दिसल्या, यावरून त्या आधी आल्या की नंतर हे कसं ठरवणार?

आयझेनबार्थ इथं येतात. जन्म १९४७, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. ड्यूक विद्यापीठात त्यांनी डॉक्टरी आणि पीएचडी दोन्ही केली. तिथं त्यांना अशी कुटुंबं भेटली ज्यांच्यात थायरॉइड, ॲड्रिनल आणि स्वादुपिंड अशा एकाहून जास्त ग्रंथींवर प्रतिकारयंत्रणा उलटलेली होती. आजार एक एक करून, काही वर्षांच्या अंतरानं येत. त्या कुटुंबांनी त्यांना पुढच्या कामाचं सूत्र दिलं असावं, असं मला वाटतं: ग्रंथी एका रात्रीत मरत नाही, आणि जो आज धडधाकट दिसतो त्याच्या रक्तात उद्याचा आजार दिसू शकतो. पुढं ते अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गेले. जनुकांची भाषा उलगडण्यासाठी नोबेल मिळालेल्या मार्शल नीरेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी मोनोक्लोनल, म्हणजे एकाच साच्यातल्या आणि एकाच लक्ष्यावर बसणाऱ्या, अँटीबॉडी बनवण्याचं तेव्हाचं कोरं तंत्र शिकून घेतलं. मग बोस्टनचं जॉस्लिन मधुमेह केंद्र.

जॉस्लिनमध्ये फार दुर्मीळ माणसं हाताशी होती: एकाच बीजांडातून जन्मलेली जुळी आणि तिळी भावंडं, ज्यांच्यातल्या एकाला मधुमेह होता आणि बाकीच्यांना नव्हता. जनुकं सगळ्यांची एकच. १९८३ साली यावर जो शोधनिबंध आला त्याचे पहिले लेखक श्रीकांता हे भारतीय डॉक्टर होते. पुढं त्यांनी बंगळुरूत काम केलं. त्या गटानं निरोगी भावंडांचं रक्त वर्षानुवर्षं तपासलं. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर पहिल्या काही मिनिटांत इन्सुलिनचा जो झोत यायला हवा तोही मोजला. ज्यांना पुढं मधुमेह झाला त्यांच्या रक्तात अँटीबॉडी काही वर्षं आधीच होत्या. तो झोत वर्षागणिक लहान होत गेला होता. आणि त्या सगळ्या काळात उपाशीपोटीची शुगर मात्र अगदी नॉर्मल!

१९८६ साली आयझेनबार्थ यांनी हे सगळं एका लेखात मांडलं आणि सोबत एक साधा आलेख दिला. आडव्या रेषेवर वय, उभ्या रेषेवर शिल्लक बीटा पेशी. डावीकडं जन्म, जनुकीय कल घेऊन. मग कुठंतरी एक ठिणगी. मग अँटीबॉडी येतात आणि रेघ उतरायला लागते. खूप खाली आल्यावर साखर वाढते, आणि त्या बिंदूला आपण ‘आजार झाला’ म्हणतो. म्हणजे आपण ज्याला सुरुवात समजतो ती गोष्ट आलेखाच्या शेवटाकडं बसलेली आहे. पुढच्या संशोधनात ती रेघ इतकी सरळ नसते, काहींची भरभर उतरते, काहींची थबकत उतरते, असं दिसलं. पण आलेखाचा सांगाडा टिकला. मधुमेहावरच्या पाठ्यपुस्तकांत तो आजही छापतात.

या आलेखाची एक शेपटी आमच्या भागात फार त्रास देते, म्हणून इथं जरा थांबतो. निदान होतं त्या दिवशी थोड्या बीटा पेशी जिवंत असतात. बाहेरून इन्सुलिन सुरू झालं की त्यांच्यावरचा ताण कमी होतो, त्या थोड्या सावरतात आणि काही आठवडे किंवा महिने इन्सुलिनचा डोस खूप कमी लागतो. डॉक्टर याला हनिमून म्हणतात. नेमकं याच काळात कुणीतरी काढा, पाला, मंतरलेलं पाणी किंवा ‘जडीबुटीचा कोर्स’ सुचवतं. डोस कमी झालेला दिसतोच, श्रेय त्या काढ्याला जातं, इन्सुलिन बंद होतं. उरलेल्या पेशीही मग संपतात आणि पोरगं बेशुद्ध होऊन दवाखान्यात येतं. काढा देणारा सांगतो की पथ्य मोडलं.

तर आजाराला अशी काही वर्षांची शांत पायरी असते, हे कळल्यावर पुढचा विचार आपसूक येतो. तेवढ्या वेळात त्याला अडवता येईल का?

आयझेनबार्थ यांनी उरलेलं आयुष्य यात घातलं. १९९२ मध्ये ते डेन्व्हरच्या बार्बरा डेव्हिस मधुमेह केंद्राचे प्रमुख झाले. प्रतिकारयंत्रणा बीटा पेशीतल्या नक्की कशावर चिडते, हा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी जपानमध्ये १९८० च्या सुमारास सापडलेली एनओडी नावाची उंदरांची जात कामाला आली. या उंदरांना, विशेषतः माद्यांना, आपोआप असाच मधुमेह होतो. आयझेनबार्थ यांचा संशय खुद्द इन्सुलिनवर होता. २००५ साली त्यांच्या प्रयोगशाळेतल्या माकी नाकायामा आणि सहकाऱ्यांनी इन्सुलिनच्या साखळीतलं एकच अमिनो आम्ल बदललेले एनओडी उंदीर तयार केले. इन्सुलिन साखर उतरवायचं काम करत राहिलं, पण प्रतिकारयंत्रणेला ते ओळखू येईना. त्या उंदरांना मधुमेह झाला नाही. साखळीतला एक मणी बदलला आणि सगळा आजार टळला. उंदरात का होईना, इतका नेमका पुरावा या क्षेत्रात क्वचित मिळतो.

माणसात मात्र गाडं अडलं. ज्यांना धोका आहे त्यांना आधीच थोडं थोडं इन्सुलिन दिलं तर प्रतिकारयंत्रणा त्याला सरावेल, ही कल्पना. १९९३ साली जॉस्लिनच्या छोट्या प्रयोगात फार आशा दिसली. मग अमेरिकेत शेकडो नातेवाइकांवर मोठी चाचणी झाली आणि २००२ मध्ये निकाल लागला: काहीही फरक पडला नाही. तोंडावाटे इन्सुलिन देऊनही एकूण गटात फायदा दिसला नाही. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो या टप्प्यावर. स्वतःच्या गटानं पेटवलेली आशा मोठ्या चाचणीत विझली आणि ते पुन्हा रेणूंकडं वळले. २००९ चं बँटिंग व्याख्यान हा मधुमेह संशोधनातला मोठा मान. तो त्यांना मिळाला तेव्हा त्यांनी व्याख्यानाच्या शीर्षकातच आपल्या प्रवासाला अपुरा म्हटलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये ते स्वादुपिंडाच्या कर्करोगानं गेले.

त्यांच्यानंतरची गोष्ट लवकर सांगून होते. २०१३ साली फिनलंड, जर्मनी आणि कोलोरॅडोतल्या मुलांचा एकत्र अभ्यास आला. ज्या मुलांच्या रक्तात दोन किंवा जास्त प्रकारच्या अँटीबॉडी आल्या, त्यांतल्या सुमारे ७० टक्के मुलांना दहा वर्षांच्या आत मधुमेह झाला. म्हणून आता दोन अँटीबॉडी असल्या की शुगर नॉर्मल असली तरी ‘टाइप वन, पहिली पायरी’ असंच म्हणतात. शुगर थोडी बिघडली की दुसरी, आणि लक्षणं आली की तिसरी. २०१९ मध्ये केव्हन हेरोल्ड यांच्या गटानं दुसऱ्या पायरीवरच्या ७६ जणांवर टेप्लिझुमॅब हे औषध वापरून पाहिलं. ते बीटा पेशींवर हल्ला करणाऱ्या, प्रतिकारयंत्रणेतल्या टी पेशींना आवरतं. चौदा दिवस रोज सलाइनमधून द्यायचं. औषध घेतलेल्यांत मधुमेह सुरू व्हायला साधारण ४८ महिने लागले, न घेतलेल्यांत २४. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेनं त्याला मान्यता दिली. दोन वर्षं पुढं ढकललं यात काय एवढं, असं वाटेल. ज्या आईनं रात्री दोनला उठून झोपलेल्या लेकराचं बोट टोचलंय तिला विचारा. किंमत मात्र विचारू नका: तिकडं एका कोर्सला १ लाख ९० हजार डॉलरच्या वर, म्हणजे आपले दीड कोटींहून जास्त.

आणि ठिणगी? ती कोणती हे अजून पुरतं ठरलेलं नाही. जनुकं लागतात, पण तेवढ्यानं भागत नाही. आयझेनबार्थ यांच्याच गटानं जुळ्यांचा पाठपुरावा वयाच्या साठीपर्यंत केला, तेव्हा एकाला मधुमेह असताना दुसऱ्यालाही तो झाल्याचं प्रमाण ६५ टक्क्यांवर गेलं. शंभरावर नाही. फिनलंड आणि शेजारचं रशियन करेलिया यांतल्या लोकांची या आजाराशी निगडित जनुकं सारखीच, पण आजाराचं प्रमाण फिनलंडच्या बाजूला सहापट. म्हणजे परिसरात काहीतरी आहे. आतड्यात दीर्घकाळ मुक्काम करणारे एंटेरोव्हायरस या घडीला मुख्य संशयित आहेत. चार देशांत ८,६७६ बाळांना जन्मापासून पंधराव्या वर्षापर्यंत तपासत जाणाऱ्या टेडी या अभ्यासातही त्यांच्याकडं बोट गेलं. गायीच्या दुधावरचा संशय एका मोठ्या चाचणीत टिकला नाही. लसींवरचा तर पुन्हा पुन्हा तपासून निकालात निघाला आहे. लाडू, चॉकलेट, मार, धसका यांनी हा आजार होत नाही. मामाच्या लग्नातल्या तापानं फार तर आधीच खाली आलेली रेघ उघडी पाडली: आजारपणात शरीराला इन्सुलिन जास्त लागतं, ते पुरवायला पेशी उरल्या नव्हत्या.

आपल्याकडचं चित्र थोडं वेगळंही आहे. वरचा बहुतेक पुरावा गोऱ्या लोकांचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, हैदराबादचे आणि इंग्लंडमधल्या एक्सेटरचे संशोधक यांनी २०२० मध्ये दाखवलं की युरोपीय लोकांवरून बनवलेली जनुकीय गुणपट्टी, म्हणजे जनुकांवरून टाइप वनच्या धोक्याला गुण देण्याची पद्धत, भारतीयांतही टाइप वन आणि टाइप टू वेगळे ओळखायला मदत करते. मात्र काही जनुकांचं वजन इथं वेगळं पडतं. आपल्या बऱ्याच रुग्णांत अँटीबॉडी सापडतच नाहीत, हीदेखील इथल्या डॉक्टरांची जुनी अडचण. शिवाय बारीक अंगाच्या प्रत्येक तरुण रुग्णाला टाइप वनच असतो असंही नाही. लहानपणीच्या कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहावर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम झालं आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं त्याला ‘टाइप फाइव्ह’ म्हणून वेगळं स्थान दिलं. बहात्तरच्या दुष्काळात वाढलेली माणसं ज्या भागात अजून आहेत, तिथं हा प्रकार परका मानून चालणार नाही.

पोरांसाठी छत्रपती संभाजीनगरात ‘उडान’सारखी संस्था अनेक वर्षं काम करते. तरी खेड्यात रोजची लढाई फ्रिजशीच असते. केज तालुक्यात एका घरी पाहिलेली व्यवस्था सांगतो. मोठ्या कुंडीत लहान गाडगं, दोन्हींच्या मधे ओली वाळू, तोंडावर ओलं फडकं. इन्सुलिनची बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून गाडग्यात ठेवलेली, म्हणजे पाणी लागत नाही. कुंडी घराच्या सावलीच्या, वारा लागणाऱ्या बाजूला. मे महिन्यात बाहेर बेचाळीस असताना आणि लाइट गेलेली असताना ही मातीची भांडी वापरातल्या बाटलीचं काम निभावतात. त्या बाई दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात तेव्हा ही जोडी ट्रॅक्टरमध्ये चढते आणि फडावर कोपीच्या आत बसते. शुगरचे आकडे पोराच्याच जुन्या वहीत, गणिताच्या मागच्या पानांवर.

त्यांनी मला धाकट्या मुलीबद्दल विचारलं. तिलाही होईल का? युरोप-अमेरिकेतल्या आकड्यांप्रमाणं सख्ख्या भावंडाला धोका साधारण शंभरात पाच. म्हणजे पंच्याण्णवांना होत नाही. अँटीबॉडीची तपासणी करता येते, नमुना मोठ्या शहरातल्या लॅबला जातो, खर्च येतो. करावी का? हाती परवडणारं औषध नसताना ती काळजी आधीच विकत घ्यायची की नाही हे आईबापांनी ठरवावं. मी त्यांना आग्रह केला नाही. एवढंच सांगितलं की मशीन घरात आहेच. धाकटी जास्त पाणी प्यायला लागली, रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं किंवा वाळायला लागली, तर त्याच दिवशी तिचं बोट टोचायचं. आकडा २०० च्या वर गेला तर सकाळची एसटी बघत बसायचं नाही, रात्रीच जीप करून अंबाजोगाई गाठायची.